ऑफसाइडची काडी

सरळगाव नाक्यावरच्या चहाच्या टपरीत आम्ही तिघं मोबाइलवर पेंढ्याची काडी ठेवून भांडायचो. ऐकणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल. वाटू द्या. आमच्यापेक्षा जास्त खुळी माणसं टीव्हीवर सूट घालून बसतात आणि तेच बोलतात.

मुंबईच्या फुटबॉल टीमची मॅच आदल्या संध्याकाळी झालेली असायची. माझा मित्र वैशाखऱ्याचा. त्याच्या घरात नेटवर्क पाहुण्यासारखं यायचं, आलं तर आलं. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी तो नाक्यावर उतरला की रामराम नाही, काही नाही, सरळ हात पुढं करायचा. "दाखव." मी मुरबाडहून मोटरसायकलवर आलेला असायचो, सेकंड शिफ्टच्या आधी. तिसरा आमचा गोली. आमच्या जुन्या टीमचा गोलकीपर तो, आता शहापूरची जीप चालवतो. जीप भरेपर्यंत त्याला काम नसायचं, म्हणजे भांडायला तो मोकळाच.

गोल आला की मित्र म्हणायचा, "थांबव. मागं घे." मी बोटानं मागं घ्यायचो, समोरच्याच्या पायातून बॉल सुटतो तिथपर्यंत. मग तो आपल्या मोबाइलचं कव्हर उचकटून त्यात जपलेली पेंढ्याची काडी काढायचा आणि माझ्या स्क्रीनवर आडवी ठेवायचा, गोल करणाऱ्या समोरच्या गड्याच्या पायाला लावून.

"आता बोल, कोन मागं राह्यला."

पण मी आधीच बोलून बसलेला असायचो. माझं तोंड आधी चालतं आणि डोळे मागून येतात, असं माझी आई म्हणायची. माझा राग ठरलेला होता. मुंबईच्या बचावात मधोमध दोघं असायचे, एक तरणा आणि एक चौतिशी उलटलेला. गोल झाला की मी त्या चौतिशीवाल्याच्या नावानं खडे फोडायचो. "काढा त्याला. पाय उचलत नाहीत त्याचे. कोच झोपलाय काय?"

"काडी बघ," मित्र म्हणायचा. काडीत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी सापडायचा. एखादा कडेचा, नाहीतर तो तरणा. मी म्हणायचो, मोबाइल तिरका आहे. गोली म्हणायचा, तूच तिरका हायेस.

गोलीचं भांडण वेगळं. नवा कोच गोलकीपरला बॉल लांब मारू द्यायचा नाही, जवळच्या जवळ पास द्यायला लावायचा. हे बघितलं की गोलीला चहा जायचा नाही. "आपल्याच दारात बॉल वाटत बसायचा? मी काय देवळात परसाद वाटतो?" मागं तीन माणसं ठेवायची की चार, यावर तर एकदा जीप भरून वीस मिनिटं झाली तरी निघाली नव्हती, आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं आम्हा तिघांच्या खानदानाचा उद्धार केला होता.

हे सगळं भांडण वरवरचं होतं. त्याच्या खाली दुसरं एक होतं, ते आम्ही कधी भांडलो नाही. ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

सहा हिवाळ्यांपूर्वी आमची टीम होती. म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत आसपासच्या गावांत सामने व्हायचे. भात कापलेल्या शेतातले बांध फोडून मैदान करायचं. धसकटं पायाला टोचायची, एका बाजूला राहिलेला बांध म्हणजे साइडलाइन. कॅप्टन मी, आणि कोचही मीच, कारण मोबाइलवर सगळ्यात जास्त मॅचेस मी बघितल्या होत्या. आमच्याकडं कोच व्हायला तेवढं पुरतं.

मला ऑफसाइडची चाल बसवायची होती. बॉल सुटताना समोरचा माणूस आपल्या शेवटच्या माणसाच्या पलीकडं गेलेला असला, की तो ऑफसाइड, आणि गोल धरत नाहीत. तेव्हा आपल्या मागच्या चौघांनी ऐन वेळी एकदम पुढं सरकायचं आणि त्याला पलीकडं एकटा सोडायचा. सगळे सरकले तरच. एक जरी मागं राहिला, तर तो गडी मोकळा सुटला. मी हे खडूनं भिंतीवर काढून दाखवलं. कुणाच्या डोक्यात शिरेना. मग मित्र म्हणाला, "आवणीला कसं असतं?" आवणी म्हणजे आमच्याकडं भाताची रोपं लावायची ते. सगळे वाकून एका ओळीत उभे राहतात आणि रोपं लावत लावत एकाच चालीनं मागं सरकतात. एखादी हळू पडली की दोन्ही बाजूच्या ओळी तिला टाकून निघून जातात आणि ती मधेच कोंडते. "तसंच हाय. फक्त आपन मागं नाय, पुढं सरकायचं. मी 'उठ' बोललो की चौघं उठले पायजेत." एका संध्याकाळी सगळ्यांना जमलं. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. कोच मी होतो आणि शिकवलं त्यानं.

मॅचला शेवटची पाच-सात मिनिटं राहिली होती. बरोबरी होती. त्यांचा एक फॉरवर्ड होता, पायात वारं भरल्यासारखा. त्यानं मला दोनदा चकवलं होतं, आणि दुसऱ्या वेळी मी पडलो तेव्हा बांधावरची माणसं हसली होती. मधोमध आम्ही दोघं होतो, मी आणि मित्र, खांद्याला खांदा. बॉल सुटायच्या आधी त्याचा आवाज आला, "उठ." ते तिघं उठले. मी उठलो नाही.

विसरलो नाही मी. चुकलोही नाही. मी घाबरलो. पुढं सरकलो आणि लाइनमनचा झेंडा वर गेला नाही, तर तो फॉरवर्ड मोकळा जाईल आणि सगळे मला हसतील, एवढंच डोक्यात आलं. म्हणून दोन पावलं मागंच राहिलो. माझ्यामुळंच तो ऑफसाइड झाला नाही. गोल झाला.

धूळ उडाली होती. मित्र हात वर करून लाइनमनकडं ऑफसाइड मागत होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो आणि सगळ्या गावासमोर ओरडलो, "तू मागं राहिलास. तुझ्यामुळं गेली मॅच."

तो माझ्याकडं बघत राहिला. हात तसाच वर होता. मग हळूच खाली घेतला. तो एक शब्द बोलला नाही, आणि गावानं त्याचा अर्थ लावला. त्या दिवसापासून त्याला चिडवायला 'बांध' म्हणू लागले. जागचा हलत नाही तो. पुढच्या वर्षी टीम निवडताना मी म्हणालो, आता नव्या माणसांना घेऊ, तुझं वय झालं. तो म्हणाला, बरं. बूट त्यानं पडवीत खुंटीला अडकवले आणि परत घातले नाहीत. आम्हा दोघांचं वय एकच होतं. मी आणखी दोन वर्षं खेळलो.

दोस्ती तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. तो माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढत होता. मी त्याच्या भातकापणीला जायचो. बोलणं मात्र मुंबईच्या टीमचंच, आणि त्यातही बचावाचंच. मी चौतिशीवाल्याला शिव्या द्यायचो, तो काडी ठेवायचा.

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा शहापूरला डायलिसिस. वैशाखऱ्याहून सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शहापूर, गोलीच्या जीपमध्ये पुढची सीट त्याची. गोलीनं त्या सीटवर दुसऱ्या कुणाला कधी बसू दिलं नाही. मी नाक्यावर यायचो ते त्याला आधार द्यायला, असं घरी सांगायचो. खरं म्हणजे मला ते सांगून टाकायचं होतं. दर वेळी घरून ठरवून निघायचो. आज चहा झाला की सांगायचं.

त्याला पाणी मोजून प्यायचं होतं. कपातले दोन घोट तो घ्यायचा आणि कप माझ्याकडं सरकवायचा. डाव्या हातात डायलिसिससाठी नस जोडली होती. तिथं हात ठेवला की आत काहीतरी घरघरत असायचं. एकदा त्यानं माझा हात धरून तिथं ठेवला आणि म्हणाला, "इंजान चालू हाय बघ." मला हसता आलं नाही. काडी तो उजव्या हातानं ठेवायचा. बोटं सुजलेली असायची, काडी घसरायची, पण मी ठेवतो म्हटलं की द्यायचा नाही. "तू ठेवशील तर तुझ्या बाजूनं ठेवशील."

गेल्या कापणीच्या आधीची गोष्ट. मुंबईनं घरच्या मैदानावर मॅच घालवली. गोल अगदी तसाच. मधल्या दोघांतला एक पुढं सरकला, एक राहिला, समोरचा मोकळा सुटला. कॉमेंट्री करणाऱ्यांनी चौतिशीवाल्याला धुतलं, आणि कोचनं मॅच झाल्यावर सांगून टाकलं, पुढच्या वेळी त्याला बाहेर बसवणार. मला तर आयताच घास मिळाला. मित्र वैशाखऱ्याच्या जीपमधून उतरायच्या आत मी सुरू झालो. "झालं का? मी काय बोलत होतो? एवढी वर्षं ओरडतोय, कोचला आत्ता कळलं."

तो बाकड्यावर बसला. दम लागला होता त्याला. धाप ओसरल्यावर म्हणाला, "थांबव. मागं घे."

काडी ठेवली. गोली खांद्यावरून वाकला. चौतिशीवाला काडीच्या पुढं होता, हात वर करून. तरणा काडीच्या मागं, चांगला दोन पावलं.

टपरीवाल्यानंही बघितलं. "हा तर दुसराच," तो म्हणाला.

मित्र काडी उचलत नव्हता. स्क्रीन काळी पडली, त्यानं बोट लावून परत उजळवली. "यानं सांगायला पायजे कोचला," तो म्हणाला.

"कोणी?" मी विचारलं. मला कळलं होतं कोणी.

"ह्यो मागं राह्यला ना, त्यानं. सांगून टाकायचं. मी राह्यलो व्हतो म्हनून. मंग तो दुसरा पुढच्या मॅचला खेळंल." मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "पन तो बी घाबरला असंल रे. समोरचा लय जोरात व्हता."

एवढं दार कुणी उघडून देतं का? त्यानं दिलं. चहा गरम होता, जीप भरायची होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कोचनं बघायला नको? कोच कशाला ठेवलाय? आणि मागं तीनच माणसं ठेवल्यावर दुसरं काय होणार?" आणि मग पाच मिनिटं मी तीन माणसं की चार, यावर बोलत राहिलो. स्वतःचा आवाज मला ऐकू येत होता. थांबता येत नव्हतं.

त्यानं काडी उचलून कव्हरमध्ये ठेवली. दोन घोट चहा घेतला, कप माझ्याकडं सरकवला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर सहा-सात फेऱ्या झाल्या असतील. मग एका शुक्रवारी वैशाखऱ्याकडून जीप आली आणि त्यातून तो उतरला नाही. त्याचा धाकटा भाऊ उतरला.

दहाव्याच्या आधी वहिनींनी, त्याच्या बायकोनं, मला घरी बोलावून त्याचा मोबाइल हातात दिला. दहाव्याला ठेवायला फोटो पाहिजे होता, आणि मोबाइलमधलं मला कळतं अशी त्यांची समजूत. "चांगला बघून काढा. आजारपनातला नको," एवढं म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या. पडवीत बसून मी बघू लागलो. भाताचे फोटो, बैलाचे, डॉक्टरच्या चिठ्ठ्यांचे. सगळ्यात खाली, सहा हिवाळ्यांपूर्वीचा एक व्हिडिओ. वहिनींच्या भावानं बांधावरून काढलेला. आमची मॅच. आणि त्याला लागूनच त्या व्हिडिओतलं एक थांबवलेलं चित्र, वेगळं काढून ठेवलेलं.

मी कव्हर उचकटलं. काडी तिथंच होती. चित्रावर ठेवायची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, तरी मी ठेवली. मित्र काडीच्या पुढं, हात वर. मी मागं, दोन पावलं.

मॅचनंतर आठवड्याच्या आतच त्यानं ते चित्र काढून ठेवलं होतं, तारीख होती त्याच्यावर. म्हणजे 'बांध' म्हणून चिडवत होते तेव्हा ते त्याच्या खिशात होतं. मी त्याला टीममधून काढलं तेव्हाही खिशात होतं. नाक्यावर मी दर मंगळवारी त्या चौतिशीवाल्याला शिव्या देत होतो, तेव्हा ते त्याच काडीच्या बाजूला होतं. गावात एकदा दाखवलं असतं तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. त्यानं नाही दाखवलं.

वहिनी बाहेर आल्या. माझ्या खांद्यावरून बघून म्हणाल्या, "ह्योच घ्या. जर्सी हाय अंगावर. चांगला दिसतोय."

मुरबाडच्या फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर ते मोठं केलं आणि विचारलं, "बाजूचा माणूस कापू का?" मी म्हणालो, काप. त्यानं मला कापलं. मोठा फोटो तयार झाला, एकटा तो, जर्सीत, हात वर केलेला. बघणाऱ्याला वाटावं की कुणाला तरी लांबून हाक मारतोय. मी तो पिशवीत घालून घेऊन आलो. याच्याइतका नीचपणा मी त्या गोलाच्या वेळीही केला नव्हता.

दहावं काळू नदीवर झालं. पिंड ठेवले, शेजारी दगडाला टेकवून तो फोटो. आमच्याकडं कावळा लवकर शिवला नाही, की लोक एकेक जण पुढं होऊन मोठ्यानं सांगतात. बायकोचं बघू, शेत पडीक टाकणार नाही, तुझं जे राहिलं असेल ते करू. काहीतरी राहिलंय म्हणून कावळा शिवत नाही, असं मानतात. मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. सगळा गाव असणार, सगळी जुनी टीम असणार. कावळा थांबेल, मी पुढं होईन आणि सांगेन. मॅच माझ्यामुळं गेली, तो मागं राहिला नव्हता, मी राहिलो होतो. निदान या वेळी सगळ्यांसमोर. मी पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

भावानं पिंड ठेवून हात मागं घेतला असेल नसेल, कावळा आला. एक नाही, दोन आले. सगळ्यांच्या तोंडावर बरं वाटल्याचं दिसलं. "सुटला माणूस. काय राह्यलं नव्हतं त्याचं," कुणीतरी म्हणालं, आणि लोक चपला शोधू लागले. मी तिथंच उभा राहून रडलो. लोकांनी पाठीवर हात ठेवले.

परतताना गोलीच्या जीपमध्ये मी मागं बसत होतो, तर तो म्हणाला पुढं बस. त्या सीटवर. मी बसलो. जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. पाठ केलेलं वाक्य अजून तोंडात होतं, ते मी त्याला सांगितलं. म्हणालो, त्या मॅचला तो मागं राहिला नव्हता. मी राहिलो होतो.

गोलीनं गिअर टाकला. रस्त्यावरची नजर काढली नाही. "मी गोलात उभा व्हतो रे," तो म्हणाला. "तुमा चौघांच्या मागं. मला नाय दिसनार?"

"मग बोलला का नाहीस?"

"त्यानं नको सांगितलं. तो बोलला, कोनी सांगू नका. त्याचा तो सांगंल."

सरळगावच्या अलीकडं त्यानं गाडी हळू केली. मला वाटलं कुणी हात केलाय, पण रस्त्यावर कुणी नव्हतं.

"शहापूरचा रस्ता लागला की मला इचारायचा," गोली म्हणाला. "दर मंगळवारी, दर शुक्रवारी. मी मागं पाशिंजर बसवताना तू माझ्याजवळ असायचास ना, म्हनून. 'तुला काय बोलला का तो?' मी बोलायचो, नाय. तो बोलायचा, बरं, शुक्रवारी बोलंल."

नाका आला. टपरीवाल्यानं आम्हाला बघून तीन कप मांडले, आणि मग त्यातला एक उचलून परत आत ठेवला.